तुटलेली क्लच केबल फेकू नका, आधी तिचं टोक बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन सीटची उघडी किट कार (सुटे भाग आणून घरी जोडलेली गाडी), नळ्यांची चासी, वर फायबरची बॉडी, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ड्राइव्ह. इंजिन आणि गिअरबॉक्स डोनर गाडीचे (ज्या जुन्या गाडीचे भाग वापरले तिचे), पेडलबॉक्स (पेडलं बसवलेली चौकट) मात्र किटबरोबर आलेला. पहिली क्लच केबल ९०० किलोमीटरवर तुटली, दुसरी ७०० वर. वैतागून तिसऱ्या वेळी जाड, 'हेवी ड्यूटी' केबल करून घेतलीत, ती तर ४०० लाच गेली. तिन्ही पेडलच्या बाजूला, निप्पलपासून (तारेच्या टोकाचा धातूचा तुकडा, जो पेडलमध्ये अडकतो) बोटभर अंतरात. आता चौथी घालावी की सगळं हायड्रॉलिक (तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं) करून टाकावं, असं विचारताय.

सगळ्यात जास्त सांगून जाते ती तुमची तिसरी केबल. जाड केबल लवकर तुटली, याचाच अर्थ केबल ताणाने तुटत नाहीये, वाकून तुटतेय. ताण हे कारण असतं तर जाड केबल जास्त टिकली असती. पण तार वाकवली की तिच्या बाहेरच्या बाजूला येणारा ताण तारेच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो आणि वळणाच्या व्यासाच्या प्रमाणात कमी होतो. त्याच विणीची जाड केबल घेतली की आतला एकेक पदरही जाड होतो. वळण तेवढंच, पदर जाड, म्हणजे प्रत्येक दाबाला धातू जास्त शिणणार. शिवाय जाड इनर (आतली तार) आउटरच्या (बाहेरच्या नळीच्या) अस्तरात घट्ट बसतो, पेडल जड होतं आणि ओढही वाढते. पैसे जास्त देऊन तुम्ही दुखणं वाढवून घेतलंत. यात कमीपणा वाटून घेऊ नका, मीही पहिल्या गाडीला हेच केलं होतं.

तर पहिलं काम: तिन्ही तुटक्या केबली अजून असतील तर शोधून काढा. (फेकल्या असतील तर निदान इथून पुढची ठेवा. माझ्या शेडमध्ये तुटक्या केबलींचा एक डबा आहे, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली: कुठली गाडी, किती किलोमीटर, कुठे तुटली.) घड्याळजीची भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन एकेका पदराचं टोक बघा. टोक सपाट, कात्रीने कापल्यासारखं आणि पदराची जाडी शेवटपर्यंत तेवढीच असेल, तर तो वाकून वाकून शिणला आहे. टोकाकडे बारीक होत गेला असेल, पेन्सिलीला टोक काढल्यासारखा, तर तो खेचून तुटला आहे. एका बाजूने घासून चपटा आणि चकचकीत झाला असेल तर तिथे काहीतरी धारदार लागतंय. निळसर-तपकिरी रंग किंवा वितळून झालेला बारीक मणी दिसला तर उष्णता किंवा वीज, त्याबद्दल पुढे बोलतो. बहुतेक वेळा मिश्रण सापडतं: बारा-पंधरा पदर सपाट तुटलेले आणि उरलेले चार-पाच बारीक टोकाचे. म्हणजे आधी एकेक करून पदर शिणून गेले आणि शेवटी उरलेल्यांना भार झेपला नाही. तुमच्या केबलींत मला हेच सापडेल असं वाटतं. निप्पलच्या मुळाशी दोन-तीन पदर सुटून वर आले की पुढचे थोडे दिवसच उरलेत असं समजायचं. त्याच सुमारास पेडल हलकेच 'करकर' करायला लागतं.

आता पेडलकडे. आकडे घेऊन बोलू, कारण आकड्यांशिवाय हा रोग नीट दिसत नाही. समजा तुमचं पेडल पिव्होटपासून (ज्या पिनेवर ते फिरतं तिथून) पायाच्या पॅडपर्यंत २७५ मिमी आहे आणि केबल पिव्होटपासून ५५ मिमीवर अडकवली आहे. गुणोत्तर झालं ५. पाय १२० मिमी गेला तर केबल २४ मिमी ओढली जाते आणि त्या वेळात पेडल साधारण २५ अंशांतून फिरतं. पेडल २५ अंश फिरतं, पण केबल मात्र जवळजवळ सरळ रेषेत जायला बघते. मग हे २५ अंश कुणीतरी सोसायला हवेत. ते निप्पलने आपल्या भोकात फिरून सोसायचे असतात. निप्पल फिरला नाही तर ते तारेला सोसावे लागतात आणि तेही निप्पलच्या तोंडाशी, अगदी दोन-तीन मिलिमीटरच्या लांबीत. गर्दीच्या रस्त्यावर किलोमीटरला चार दाब धरले तर ७०० किलोमीटरमध्ये २८०० वेळा तुम्ही तीच तार त्याच जागी वाकवलीत. लोखंडी तार हाताने तोडायची असली की आपण काय करतो? पुढे-मागे वाकवतो. तुमची गाडी तेच करतेय.

निप्पल का फिरत नाही, याची मी पाहिलेली कारणं तीन.

सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे रंग. किटबरोबर येणारे पेडलबॉक्स छान पावडर कोटिंग करून येतात. हा थर ६० ते १०० मायक्रॉनचा असतो आणि तो भोकाच्या आतही बसतो. दोन्ही बाजू धरल्या की भोक जवळजवळ ०.२ मिमीने लहान झालं. निप्पल हातोडीने ठोकून बसवावा लागला असेल तर समजून जा. एका गृहस्थांची गाडी माझ्याकडे आली तेव्हा त्यांनी सात महिन्यांत चार केबली घातल्या होत्या. केबल तपासली, मार्ग तपासला, क्लच उघडण्यापर्यंत गोष्ट गेली होती. शेवटी गोल कानस घेऊन भोकातला काळा रंग खरवडला, निप्पल बोटाने फिरेल एवढी जागा केली, ग्रीस लावलं. कामाला वीस मिनिटं लागली. त्यानंतर तीन वर्षं ते गृहस्थ केबलसाठी आले नाहीत.

दुसरं कारण, निप्पलची दिशा. नळकांड्याच्या आकाराचा निप्पल असतो, त्याचा अक्ष पेडलच्या पिव्होटच्या पिनेला समांतर हवा, तरच तो पेडलबरोबर फिरेल. काही पेडलबॉक्समध्ये खाच अशी कापलेली असते की निप्पल काटकोनात बसतो. बसतो व्यवस्थित, दिसतोही व्यवस्थित, पण ज्या दिशेला फिरायला हवं त्या दिशेला फिरू शकत नाही.

तिसरं, केबलला निप्पलऐवजी आटे पाडलेला दांडा आणि क्लेव्हिस (आरपार पिन घालायचा दोन कानांचा तुकडा) लावलेला असतो आणि क्लेव्हिसची पिन नट-बोल्टने कचकचून आवळलेली असते. तिथे पिन आणि स्प्लिट पिन हवी, बोल्टच लावायचा तर लॉकनट, आणि तोही क्लेव्हिस मोकळा हलेल इतपतच.

निप्पलच्या खाचेची धारही बघा. लेझरने कापलेल्या पट्टीची कड किती धारदार असते ते बोट फिरवून कळेल. तार जिथून बाहेर पडते तिथली कड दोन-तीन मिमी गोलाईने घासून गुळगुळीत करा, शेवटी पॉलिश पेपर मारा.

आणि पेडलचा कोन. हे बहुतेक जण बघतच नाहीत. केबल जिथे अडकवली आहे तो पेडलचा छोटा हात केबलशी काटकोनात कधी यायला हवा? प्रवासाच्या बरोबर मध्यावर. असं असेल तर २५ अंशांच्या फेऱ्यात केबलचं टोक वर-खाली फक्त १.३ मिमी सरकतं. पण पेडल वर असतानाच काटकोन धरून बसवलं असेल, आणि डोळ्याला ते बरोबर वाटत असल्यामुळे तसंच बसवलं जातं, तर टोक ५.२ मिमी सरकतं. चौपट. फायरवॉलच्या (इंजिन आणि पाय यांच्या मधल्या पडद्याच्या) फेरूलपासून (आउटरच्या टोकाच्या टोपीपासून) पेडलपर्यंत उघडी तार ६० मिमी असेल तर प्रत्येक दाबाला ती फेरूलच्या तोंडाशी ५ अंश वाकते आणि कडेला घासते. तुमची केबल निप्पलपाशी तुटते म्हणून हा मुद्दा दुय्यम आहे, पण एकदा निप्पलचं दुखणं गेलं की पुढची केबल फेरूलपाशी तुटेल, तेव्हा आताच करून घ्या. पेडलचा वरचा थांबा पुढे-मागे करून किंवा फायरवॉलचं भोक सरकवून हे जमतं. पेडलचा पिव्होट-बुश झिजून पेडल आडवं हलत असेल तर बुशही बदला.

यापेक्षा चांगला उपाय म्हणजे डोनर गाडीकडे परत बघणं. कारखान्यातल्या बऱ्याच केबलच्या क्लचमध्ये पेडलला पाव चक्रासारखा खाचेचा तुकडा असतो, केबल त्याच्यावरून जाते. पेडल फिरतं तशी केबल त्या गोलाईवर गुंडाळली जाते आणि बाहेर पडण्याची रेषा हलतच नाही. वळणही ५५ मिमी त्रिज्येचं, म्हणजे तारेच्या दृष्टीने आरामाचं. फोर्ड सिएराच्या पेडलला असा दातेरी तुकडा आणि आपोआप ताण घेणारी खिट्टी असे, काही किटवाले जागा पुरत नाही म्हणून तो काढून टाकतात आणि त्याबरोबर केबलचं आयुष्यही काढून टाकतात. खिट्टी नको असेल तर नको, पण १० मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीतून असा तुकडा लेथवर करून, त्याला केबलच्या जाडीपेक्षा किंचित रुंद खाच पाडून पेडलला बोल्ट करता येतो. मी केलेल्या दुरुस्त्यांत सगळ्यात जास्त समाधान मला याच कामाने दिलं आहे.

आता ओढ. पेडलपाशीच का तुटते याचं अर्धं उत्तर वाकण्यात आहे, उरलेलं अर्धं घर्षणात. आउटरमधून जाणारी तार ही खांबाला वेढे दिलेल्या दोरासारखी असते. नावाड्याला विचारा, दोन वेढे दिले की एक माणूस होडी धरून ठेवतो. केबलचंही तसंच: जितकं एकूण वळण तितकं घर्षण, आणि ते बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. चांगल्या टेफ्लॉन अस्तराच्या केबलमध्ये घर्षणांक साधारण ०.१ धरू. एकूण ९० अंशांचं वळण असेल तर गिअरबॉक्सपाशी ५० किलो ओढ मिळवायला पेडलच्या टोकाला ५८-५९ किलो द्यावे लागतात. २७० अंश झाले की ८० किलो. अस्तर झिजून किंवा धूळ जाऊन घर्षणांक ०.२ झाला तर त्याच २७० अंशांना जवळजवळ १२८ किलो! म्हणजे सगळ्यात जास्त ओढ नेहमी पेडलकडच्या टोकाला, आणि वाकणंही तिथेच.

एक गंमत लक्षात घ्या: घर्षण वळणाच्या गोलाईवर अवलंबून नाही, एकूण अंशांवर आहे. 'मी सगळी वळणं मोठी ठेवली आहेत' हे बरेच जण सांगतात. मोठं वळण तारेला शिणण्यापासून वाचवतं, ते हवंच, १०० मिमी त्रिज्येच्या आत मी कधी जात नाही आणि १५० मिळालं तर घेतो. पण एस आकाराची दोन मोठी वळणं असतील तर घर्षणाच्या हिशोबात ती मिळवली जातात, एकमेकांना खोडत नाहीत. आउटर हातात घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत वळणं मोजा. डावीकडचं आणि उजवीकडचं दोन्ही अधिक चिन्हानेच लिहायचं. १२० च्या आत असाल तर उत्तम, १८० पर्यंत चालतं, २५० च्या पुढे असाल तर मार्गच बदला.

मात्र मार्ग सरळ करायच्या नादात आउटर ताठ करू नका. इंजिन रबरी माउंटवर डोलतं. आउटरचं एक टोक चासीला आणि दुसरं बेलहाउसिंगला (गिअरबॉक्सच्या तोंडाशी क्लच झाकणाऱ्या कवचाला) असतं, मध्ये सैल कमान नसेल तर गिअर टाकून गाडी सुटताना इंजिन केबलला हिसका देतं. फोक्सवॅगन बीटलच्या पायावर बग्गी बांधणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. तिथे गिअरबॉक्सपाशी आउटरचा जो छोटा लवचीक तुकडा असतो त्याला २५ ते ४५ मिमी झोळ मुद्दाम ठेवायचा असतो, वॉशर घालून-काढून. तो झोळ काढून टाकला की क्लच थरथरतो आणि केबलही लवकर जाते.

यानंतर फायरवॉल. आउटरचं काम लोकांना कळत नाही. इनर ६० किलोने ओढला जातो तेव्हा आउटर तेवढ्याच जोराने दाबला जातो, आणि तो दाब ज्या पत्र्यावर आउटर टेकलेला आहे त्याच्यावर येतो. किट कारमध्ये ती जागा म्हणजे बऱ्याचदा दीड मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, कधी नुसतं फायबर. मित्राला पेडल दाबायला सांगा आणि टॉर्च घेऊन तिथे बघा. पत्रा श्वास घेतल्यासारखा पुढे-मागे होत असेल तर निदान झालं. मोजायचं असेल तर पेडलपाशी केबल किती सरकते आणि गिअरबॉक्सवरच्या क्लचच्या लिव्हरपाशी किती सरकते ते पट्टीने मोजा. पेडलपाशी २४ आणि लिव्हरपाशी १९ आले तर पाच मिमी पत्र्यात आणि आउटर दबण्यात गेले. इथून पुढे सगळी साखळी सुरू होते: क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर खरखरतो, म्हणून मालक केबल आणखी आवळतो, मोकळीक संपते, रिलीज बेअरिंग (क्लच सोडवायला दाबणारं बेअरिंग) कायम टेकलेलं राहतं, आणि पेडल पूर्ण दाबल्यावर तार गरजेपेक्षा जास्त ताणली जाते. उपाय साधा आहे: ३ मिमी स्टीलची पट्टी फायरवॉलच्या मागे, आणि ती चासीच्या नळीला पोचलेली हवी. नुसतं मोठं वॉशर लावून भागत नाही, पत्रा वॉशरसकट वाकतो.

मोकळीक किती ठेवायची हेही सांगून टाकतो. हाताने ताण लावायची व्यवस्था असेल तर पेडलच्या पॅडवर १० ते २० मिमी. डोनर गाडीत आपोआप ताण घेणारी खिट्टी होती आणि ती तुम्ही ठेवली असेल तर तिथे मोकळीक नसतेच, बेअरिंग कायम हलकं टेकून चालायलाच बनवलेलं असतं.

आता एक गोष्ट, जी तुमच्या पेडलबॉक्सवर नसेल अशी मी पैज लावायला तयार आहे: खालचा थांबा. क्लच सुटल्यानंतरही पेडल खाली जात राहिलं तर डायफ्रामची (क्लचमधल्या चकतीसारख्या स्प्रिंगची) बोटं शेवटाला टेकतात आणि मग पायाचा सगळा जोर तारेवर. साध्या दाबाला पेडलवर १२ किलो लागतात, तारेवर ६० येतात. पण सीटला पाठ टेकवून घाबरून पाय मारला तर माणूस सहज ८० किलो देतो. पाचने गुणा, ४०० किलो. अडीच-तीन मिमीच्या तारेची तुटण्याची मर्यादा विणीप्रमाणे साधारण ४०० ते ६०० किलोच्या घरात असते, आणि त्यातले निम्मे पदर आधीच शिणलेले. पेडलखाली रबराचं डोकं असलेला बोल्ट लावा. क्लच पूर्ण सुटतो त्याच्यापुढे पॅडवर १०-१५ मिमी जाऊ द्या, तिथे पेडल टेकलं पाहिजे.

गिअरबॉक्सच्या टोकाला तुमची केबल तुटत नाहीये, म्हणून तिथे फार वेळ घालवत नाही. पण केबल सोडून लिव्हर हाताने, हवं तर छोटी पहार लावून, ढकलून बघा. अडखळत जात असेल तर फोर्कचा (बेअरिंग ढकलणाऱ्या काट्याचा) गोळा किंवा बेअरिंगची नळी कोरडी पडली आहे. आणि फ्लायव्हील एका गाडीचं, प्रेशर प्लेट (क्लच दाबून धरणारी चकती) दुसरीची, बेअरिंग तिसऱ्याच उंचीचं अशी खिचडी झाली असेल तर लिव्हर तिरका बसतो. इथेही काटकोन प्रवासाच्या मध्यावर. जास्त ताकदीची प्रेशर प्लेट घातली असेल तर तिचा भार वरच्या प्रत्येक आकड्याला लागू होतो हे विसरू नका. रस्त्यावर चालवायच्या हलक्या गाडीला तिची गरज क्वचितच असते.

आता अर्थिंग, म्हणजे इंजिनातून बॅटरीकडे वीज परतायचा जोड. हे न तपासता केबल बदलू नका. फायबरची बॉडी वीज वाहून नेत नाही. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं. इंजिन आणि चासी यांच्यामध्ये जाड अर्थ पट्टी नसेल, किंवा असून तिच्या खाली रंग असेल, तर स्टार्टरचा शे-दोनशे अँपिअरचा करंट परतीचा रस्ता शोधतो. उघडा धातू कुठला? क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल. माझ्या स्वतःच्या पहिल्या गाडीत लागोपाठ दोन क्लच केबली जाम झाल्या. पेडल गोंदात बुडवल्यासारखं वर यायला लागलं. काढून बघतो तर आतलं अस्तर वितळून तारेला चिकटलेलं, आणि मी आपला सायलेन्सरला दोष देत उष्णतेची पट्टी गुंडाळत बसलो होतो. एकदा सकाळी थंड इंजिन तीन-चार वेळा स्टार्टर मारून सुरू केलं आणि सहज आउटरला हात लागला, तर तो कोमट. एक्झॉस्ट तर अजून गार होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

तपासायचं असं: मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक इंजिनच्या ब्लॉकला, दुसरं चासीच्या खरवडलेल्या धातूला. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर पट्टी कमी पडतेय, एक-दोन व्होल्ट दिसले तर पट्टी नाहीच असं समजा. बॅटरी ते चासी आणि चासी ते इंजिन, दोन्ही जोड बघा.

एक्झॉस्टची उष्णता हेही खरं कारण असतं, ते ओळखायला सोपं: आउटरचा वरचा प्लास्टिकचा थर एकाच ठिकाणी चमकदार किंवा फुगलेला. मॅनिफोल्डपासून ७५ मिमी लांब ठेवा, जमत नसेल तर मध्ये पत्र्याची ढाल. टेफ्लॉन २६० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, पण वरचं आवरण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं.

हे सगळं झाल्यावर नवी केबल. करून घेताना दोन मापं द्या: आउटरची लांबी टोकापासून टोकापर्यंत, आणि इनर किती उघडा राहतो ती लांबी. पूर्ण इनरची लांबी सांगून लोक गोंधळ घालतात, महत्त्वाचा आहे तो दोघांतला फरक. माप घेताना अ‍ॅडजस्टर मधोमध ठेवा. वीण शक्यतो बारीक पदरांची मागा. तीन मिमीच्या केबलमध्ये १×१९ विणीत (१९ पदरांची एकच लड) एकेक पदर ०.६ मिमीचा असतो, ७×७ मध्ये (सात पदरांच्या सात लडी) सुमारे ०.३३ चा, ७×१९ मध्ये ०.२ चा. बारीक पदरांची केबल वाकायला मऊ, पण थोडी जास्त ताणते आणि घासलं तर लवकर झिजते. पेडलला पाव चक्राचा तुकडा असेल तर ७×७ मला मधली आणि बरी वाटते. निप्पल दाबून बसवलेला किंवा शिशाच्या मऊ डाखाने, पदर आत फुलासारखे उकलून बसवलेला हवा. पितळी किंवा चांदीच्या डाखाला ६०० अंशांच्या वर तापवावं लागतं, त्यात कडक ओढलेली तार मऊ पडते आणि नेमकी निप्पलच्या तोंडाशी तुटते. स्टेनलेसची तार असेल तर साधा डाख धरतच नाही, तिथे दाबलेलाच निप्पल घ्या. स्क्रूने आवळायचा निप्पल रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरता, एरवी नाही, स्क्रू पदर चिरडतो.

अस्तराच्या केबलला ग्रीस भरू नका. धूळ धरून ठेवतं आणि दोन पावसाळ्यांत त्याची खरबरीत पेस्ट होते. कोरडी चालवा, फार तर सिलिकॉनचा हलका फवारा. ग्रीस फक्त निप्पलला. उघडी गाडी आहे, तेव्हा फेरूलला रबरी टोपी घाला, आणि जे टोक वर तोंड करून आहे त्याला तर नक्कीच.

आणि हायड्रॉलिक? करा, पण वरचं सगळं करून झाल्यावर, गरज उरली तर. एकूण वळण २५० अंशांच्या खाली येतच नसेल किंवा केबल एक्झॉस्टच्या बाजूनेच न्यावी लागत असेल तर हायड्रॉलिक योग्यच. पण डुगडुगणारी फायरवॉल मास्टर सिलिंडरलाही (पेडलपाशी तेल ढकलणाऱ्या) तशीच डुगडुगते, आणि खालचा थांबा नसेल तर तारेऐवजी सील फाटतं. दुसरं, केबल लिव्हरला ओढते आणि साधा स्लेव्ह सिलिंडर (त्या तेलाच्या दाबाने गिअरबॉक्सपाशी लिव्हर हलवणारा) ढकलतो. तुमच्या लिव्हरला ओढणारा स्लेव्ह शोधावा लागेल किंवा ब्रॅकेट पलीकडच्या बाजूला करावा लागेल. बेअरिंगभोवती बसणारा गोल स्लेव्ह नीटनेटका दिसतो, पण गळायला लागला की गिअरबॉक्स खाली उतरवायचा. मी बाहेर बसणारा घेतो.

कामाचा क्रम माझ्या मते असा: आजच्या आज अर्थिंगचं व्होल्टेज आणि निप्पल फिरतो का हे बघा, दोन्ही मिळून अर्धा तास. मग खालचा थांबा आणि फायरवॉलची पट्टी. पेडलचा काटकोन आणि पाव चक्र सवडीने. यातलं पहिलं अर्धं झाल्याशिवाय चौथी केबल मागवूही नका, कारण मापं बदलतील.

तोपर्यंत रस्त्यात केबल तुटलीच तर घाबरायचं कारण नाही. इंजिन बंद करा, पहिला गिअर टाका, पुढे जागा मोकळी आहे बघून स्टार्टर मारा, गाडी स्टार्टरवरच सरकेल आणि इंजिन सुरू होईल. क्लच पेडल दाबल्याशिवाय स्टार्टर न लागणारी वायरिंग असेल तर पेडल खालीच धरा, ते आता मोकळंच आहे. वरचा गिअर टाकताना अ‍ॅक्सिलरेटर सोडा, लिव्हर न्यूट्रलला आणा, इंजिनचा वेग उतरू द्या आणि बोटांनी हलकेच पुढे दाबून धरा. वेग जुळला की गिअर आपोआप आत जातो, जोर लावायचा नाही. खालच्या गिअरला येताना न्यूट्रलमध्ये थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या. सिग्नलला थांबायची वेळ आलीच तर न्यूट्रल करून इंजिन बंद, आणि पुन्हा पहिल्या गिअरमध्ये स्टार्टर. मी अशी एकदा ४० किलोमीटर आणली आहे. बॅटरी चांगली हवी, आणि अर्थ पट्टीसुद्धा.